दुभागलेला कळफलक



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, सीमाभागातल्या बोलींवर व्याख्याने झाली. मी मनगटांविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा फोनवर कार्यवाह थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, साहित्याशी काही संबंध जोडता येईल ना?" जोडायला नको, तो आहेच. गेली बावीस वर्षे मी बेळगावात डीटीपीचे काम करते. आपल्यापैकी निदान आठ-दहा जणांची पुस्तके माझ्या बोटांखालून गेली आहेत. तुमची हस्तलिखिते मी तुमच्या घरच्यांपेक्षा जास्त बारकाईने वाचली आहेत, आणि तुमच्यापैकी कोण 'आणि'ला दीर्घ वेलांटी देतो तेही मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझा उजवा हात रात्री जागा करू लागला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर व्हायचे. हात झटकला की मुंग्या येऊन थोडे बरे वाटायचे. दिवसा कपाची कानशी धरताना पकड सुटायची. आधी वाटले थंडीने असेल. मग एका सकाळी दुकानाचे कुलूप उघडताना किल्ली फिरवता येईना, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारले, "महिनाभर काम बंद ठेवता येईल?" समोर एका ज्येष्ठ लेखकांचे पाचशे पानांचे आत्मचरित्र अर्धे टंकून पडले होते. लेखक ऐंशीच्या पुढचे. मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "मग रात्री पट्टा बांधा, आणि दिवसा हात कसा ठेवता ते बदला." पट्टा बांधणे सोपे होते. दुसऱ्या वाक्याला मला दीड वर्ष लागले, आणि आजचे व्याख्यान त्या दीड वर्षाचे आहे.

आधी शरीर. हात मेजावर सैल सोडून बघा. तळवा पूर्ण खाली वळत नाही, तो थोडा आतल्या बाजूला, एकमेकांकडे बघत राहतो. टाळी वाजवण्याआधी हात असतात तसे. आता नेहमीच्या कळफलकावर हात ठेवा. तीन गोष्टी एकदम होतात. तळवे सपाट खाली वळतात, म्हणजे कोपरापुढच्या दोन हाडांना एकमेकांवर पीळ बसतो. दोन्ही हात छातीसमोर एका अरुंद जागेत यावे लागतात, पण कळांच्या ओळी तर सरळ आहेत, म्हणून मनगटे करंगळीच्या दिशेने बाहेर मोडतात. आणि कळफलकाचे मागचे पाय उभे केले असतील तर मनगटे वरच्या बाजूलाही वाकतात. ते पाय उभे करायचेच असतात असा आपला समज असतो. मी बावीस वर्षे उभे करत आले. ते आधी मिटवा, त्याला पैसे पडत नाहीत.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून एक बोगदा आहे. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. जागा बेताची. मनगट वाकलेल्या स्थितीत राहिले, कंडरांना सूज आली, की दाब त्या मज्जातंतूवर येतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू याच मज्जातंतूची, म्हणून बधिरपणा तिथे येतो. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. तुमची करंगळी बधिर होत असेल तर दुखणे दुसरे आहे आणि तपासणीही दुसरी. हे मुद्दाम सांगते, कारण कळफलक विकत घेऊन डॉक्टर टाळणारे लोक मी पाहिले आहेत.

आता, हा कळफलक असा का? अमेरिकेतील मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स यांचे यंत्र १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. त्यातल्या प्रत्येक कळीमागे एक दांडी होती, आणि वरच्या ओळीतल्या दांड्या खालच्या ओळीतल्या दांड्यांच्या मधून जाव्या लागत. म्हणून ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवलेल्या आहेत, कळा एकाखाली एक नाहीत. अक्षरांचा क्रम तसाच का लावला याच्या कथा अनेक आहेत आणि त्यांवर वादही आहेत, त्यात मी शिरत नाही. पण ओळींचा तिरकेपणा मात्र दांड्यांचाच. दांड्या गेल्या, टंकयंत्रे गेली, आणि संगणकाच्या कळांखाली तर नुसता विजेचा संपर्क आहे, तरी तिरकेपणा राहिला. वर तो उजव्या हाताला बरा जमतो आणि डाव्याच्या उलट जातो. तळच्या ओळीतली कळ दाबायला डाव्या हाताला चमत्कारिक वळावे लागते ते त्यामुळे.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. जर्मनीत क्लोकेनबर्ग यांनी १९२६ सालीच टंकयंत्राचे दोन भाग करून प्रत्येक हाताला त्याचा भाग तिरका द्यावा असे मांडले होते. के. एच. ई. क्रोमर यांनी १९७२ मध्ये दुभागलेल्या, मधून उंच केलेल्या कळफलकावर माणसे बसवून प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये टंकलेखन शिकवणाऱ्या लिलियन माल्ट आणि अभियंते स्टीफन हॉबडे यांनी माल्ट्रॉन तयार केला. त्यात कळा दोन खोलगट वाट्यांत बसवलेल्या, आणि अंगठ्यांना स्वतःच्या कळा. मला यात लिलियनबाई महत्त्वाच्या वाटतात. ज्या बाईने आयुष्यभर मुलींची बोटे बघितली, तिला कळले की अंगठ्यांना काही कामच दिलेले नाही. हाताचे सगळ्यांत बळकट बोट, आणि दोन्ही अंगठ्यांत मिळून एकच लांब पट्टी, तीही जागा सोडण्यापुरती. इकडे करंगळीकडे मात्र शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस, कंट्रोल सगळा जड माल. घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेकडे पाणी भरण्यापासून भाकऱ्यांपर्यंत सगळे, आणि थोरल्या मुलाकडे दिवा मालवायचे काम, तसला प्रकार.

१९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मधून फाकलेला एकसंध कळफलक काढला, तो बऱ्याच जणांनी कचेऱ्यांत पाहिला असेल. अमेरिकेतल्या किनेसिसने वाट्यांचा प्रकार पुढे नेला. पुढे हौशी लोकांनी एर्गोडॉक्ससारखे पूर्ण दोन वेगळे तुकडे केले, मध्ये नुसती वायर. प्रत्येक तुकडा खांद्याच्या रेषेत ठेवायचा, आणि आतली कड थोडी उचलायची, म्हणजे तळवे पुन्हा टाळीच्या स्थितीकडे येतात.

फायदा होतो का? प्रामाणिक उत्तर असे, की दुखणे कमी झाल्याचे पुरावे आहेत, पण चमत्काराचे नाहीत. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हाताच्या तक्रारी असलेल्या ८० जणांना सहा महिने वेगवेगळे कळफलक दिले. त्यांपैकी फाकलेला एकसंध कळफलक वापरणाऱ्या गटात वेदना कमी होताना आणि हाताचे कामकाज सुधारताना दिसले, परंतु डॉक्टरी तपासणीच्या निष्कर्षांत साध्या कळफलकाच्या तुलनेत तसा फरक दिसला नाही. आणि जो फरक पडला तो काही महिन्यांनी. आठवड्यात बरे वाटले नाही म्हणून परत करू नका, आणि आठवड्यात बरे वाटले म्हणून पट्टा फेकू नका.

इथपर्यंतचे कोणत्याही भाषेत टंकणाऱ्याला लागू आहे. आता आपल्या भाषेकडे येते, कारण इथे मला जे सापडले ते कुठल्या माहितीपत्रकात नव्हते.

तुमच्यापैकी पुष्कळ जण रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवता, काही जण टंकयंत्राच्या जुन्या रेमिंग्टन वळणाने. मी इन्स्क्रिप्ट वापरते. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही रचना प्रमाण ठरवली. तिची कल्पना आपल्या वर्णमालेतून आली आहे: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, अल्पप्राण साध्या कळीवर आणि त्याचा महाप्राण त्याच कळीवर शिफ्टसह. क जिथे आहे तिथेच शिफ्टने ख. आणि ही रचना सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठी क ज्या कळीवर, कन्नड क त्याच कळीवर. बेळगावात डीटीपी करणाऱ्याला हे वरदान आहे. सकाळी मराठी कवितासंग्रह, दुपारी कन्नड लग्नपत्रिका, बोटांना कळतही नाही की भाषा बदलली. बाहेर रस्त्यावर दोन भाषांचे काय चालते ते चालो, माझ्या मेजावर त्या दोघी एकाच कळीवर बसतात.

म्हणजे इन्स्क्रिप्ट हा मुळातच दोन हातांत वाटलेला कळफलक आहे. 'पाटी' लिहा: प उजवा, काना डावा, ट उजवा, वेलांटी डावी. हात आळीपाळीने चालतात, जात्यावर दोघी बसाव्यात तसे. दुभागलेल्या कळफलकाला याहून चांगली रचना कोण देणार, असे मला वाटले होते.

तसे निघाले नाही. मला मनगट दुखण्याचे कारण शोधायचे होते म्हणून मी एक दिवस माझी बोटे बघत बसले. म, न आणि व ही तीन व्यंजने तळच्या ओळीत डाव्या बाजूला आहेत. 'नवीन' हा शब्द घ्या. न, व, दीर्घ वेलांटी, पुन्हा न: चारही वेळा डावी तर्जनी. सबंध शब्द एका बोटाने! 'च्या' घ्या, मराठीत याच्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. च उजव्या करंगळीखाली, हलन्त डाव्या मधल्या बोटाखाली, य पुन्हा उजव्या करंगळीने तळाच्या कोपऱ्यात. च, ज, ट, ड, य ही पाचही व्यंजने उजव्या करंगळीकडे आहेत. 'आणि' घ्या. आ डाव्या हाताच्या कळीवर शिफ्टसह, ण डाव्या हाताच्या कळीवर शिफ्टसह. डावा हात गुंतलेला, म्हणून दोन्ही वेळा शिफ्ट उजव्या करंगळीने धरायचे. 'आहे'चा आ तसाच. आणि या सगळ्यावर एंटर नि बॅकस्पेस तिच्याकडेच. मराठी गद्याचे अर्धे ओझे माझ्या उजव्या करंगळीवर होते, आणि ती तिथे पोचावी म्हणून पूर्ण मनगट दर वेळी बाहेर मोडत होते. बधिर झाली तर्जनी, गुन्हा करंगळीच्या धावपळीचा.

यानंतर माझा भाचा बंगळूरहून आला. तिथे नोकरीला असतो. पिशवीतून दोन तुकडे काढून म्हणाला, "मावशी, हा घे. महिनाभर वापरून बघ, नाही जमला तर मी घेऊन जाईन." किंमत विचारली. अशा कळफलकांना तीनशे-चारशे डॉलर पडतात, वर पाठवणी आणि जकात. मी म्हटले, "तू घेऊनच जा." तो म्हणाला, "मग आधी फुकटातला कर."

फुकटातला असा: दोन साधे जुने कळफलक एकाच संगणकाला जोडायचे. विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्ही एकत्र चालतात, एकावर शिफ्ट धरून दुसऱ्यावर अक्षर दाबले तरी चालते. डावा हात डाव्यावर, उजवा उजव्यावर. दोन्ही थोडे तिरके ठेवायचे आणि आतल्या कडांखाली जुनी वही सारायची. मेज भरून जाते, दुकानात येणारे हसतात, पण दुभागलेपण तुम्हाला मानवते का हे आठ दिवसांत कळते. मॅकवर ही युक्ती वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय जमत नाही. मी खडेबाजारातून एक जुना कळफलक आणला आणि हा प्रयोग सहा आठवडे केला.

पहिले दोन दिवस रडवणारे होते. गती निम्म्याहून खाली. आणि एक लाज वाटावी अशी गोष्ट उघड झाली. व ही कळ डाव्या हाताची आहे, पण ती दोन हातांच्या सीमेवर आहे, आणि मी बावीस वर्षे ती उजव्या तर्जनीने दाबत होते. आता उजव्या तुकड्यावर माझे बोट जाई आणि हाताशी व ऐवजी ल येई. 'वाचक'चे 'लाचक', 'वडील'चे 'लडील'. त्या आत्मचरित्रात एक पान 'लाडा'चे झाले, मूळ शब्द 'वाडा' होता. सीमेवरचे अक्षर कोणाच्या बाजूला, हा प्रश्न बेळगावच्या माणसाला नवा नाही, पण या वेळी उत्तर ठरलेले होते आणि चूक माझी होती.

सहाव्या आठवड्याला भाच्याचा कळफलक परत मागितला. आता त्याच्याविषयी. या कळफलकांच्या पोटात एक छोटा संगणकच असतो आणि कोणती कळ काय सांगेल हे आपण ठरवू शकतो. इथे मराठी टंकणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कळफलक संगणकाला 'क' कधीच पाठवत नाही. तो फक्त कळीचा क्रमांक पाठवतो, आणि तो क्रमांक क आहे की रोमन अक्षर हे संगणकातली भाषा ठरवते. म्हणून दुभागलेल्या कळफलकावर मराठी चालते का, या प्रश्नाचे उत्तर: कोणत्याही कळफलकावर जशी चालते तशीच. परंतु उत्साही लोक तुम्हाला कोलमॅक किंवा ड्वोरॅक ही इंग्रजीसाठीची सुधारित रचना कळफलकातच भरायला सांगतील. ती भरली की क्रमांकांची अदलाबदल होते आणि इन्स्क्रिप्टचा सगळा पट विस्कटतो. इंग्रजीला सुख आणि मराठीला वनवास. ज्यांना दोन्ही हवे त्यांनी मराठीसाठी मूळ क्रमांकांचा एक वेगळा थर ठेवावा.

थर म्हणजे असे. अंगठ्याखालची एक कळ धरून ठेवली की बाकीच्या सगळ्या कळांचा अर्थ बदलतो, सोडली की पूर्ववत. शिफ्ट हाही एक थरच आहे. मी पहिल्यांदा काय केले, तर शिफ्ट करंगळीवरून काढून डाव्या अंगठ्याखाली आणले. 'आणि' दुसऱ्याच दिवशी सुखाचा झाला. बॅकस्पेस आणि एंटर उजव्या अंगठ्याला दिले. करंगळीकडे च, ट, ज, ड, य राहिले, ते मी हलवले नाहीत. हलवले असते तर दुसऱ्याच्या दुकानात जाऊन मला टंकता आले नसते, शिवाय माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी काय शिकवणार?

एक अडचण आधीच सांगून ठेवते. चाळीसेक कळांचे अगदी लहान, देखणे कळफलक मिळतात. ते घेऊ नका. इंग्रजीला २६ अक्षरे पुरतात, इन्स्क्रिप्ट कंसांच्या, स्वल्पविरामांच्या आणि अंकांच्या कळाही वापरते. ड चौकटी कंसाच्या कळीवर आहे, ट अवतरणचिन्हाच्या, ऋकाराची खूण बरोबरच्या चिन्हावर, ज्ञ, त्र, क्ष, श्र अंकांच्या ओळीत शिफ्टसह, आणि 'डॉक्टर'ची अर्धचंद्राची मात्रा पार उलट्या तिरप्या रेघेवर. या कळाच नसतील तर प्रत्येक 'ड'साठी थर बदलावा लागेल. अंकांची ओळ असलेला आणि उजव्या करंगळीबाहेर एक-दोन स्तंभ जास्त असलेला कळफलकच मराठीला चालतो.

आता माऊस. खरे तर आधी हेच सांगायला हवे होते, कारण माझ्या बाबतीत जास्त दोषी तो निघाला.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस पहिल्यांदा जगासमोर आणला. त्या प्रात्यक्षिकात मेजावर तीन गोष्टी होत्या: मध्ये कळफलक, उजव्या हाताला माऊस, आणि डाव्या हाताला पाच कळांची एक पेटी. हार्मोनिअमसारखे दोन-तीन कळा एकदम दाबून त्यावर अक्षर उमटत असे. म्हणजे उजवा हात दाखवणार आणि डावा त्याच वेळी लिहिणार. माऊस जगभर गेला, पेटी मागे राहिली, कारण ती शिकावी लागत होती. तेव्हापासून उजवा हात कळफलक आणि माऊस यांच्यात येरझाऱ्या घालतो आहे. त्यात कळफलकाच्या उजव्या टोकाला अंकांचा चौकोन. साधा कळफलक साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतो, आणि माऊस त्याच्याही पलीकडे. म्हणून हात खांद्यापासून बाहेर पसरून, अधांतरी, तासन्तास. कळ दाबताना बोटे निदान हलतात. माऊस धरताना हात काहीच न करता ताणलेला राहतो, आणि ते जास्त वाईट.

एका दिवशी मी मेजावर कागद ठेवला आणि माऊसला हात लावला की रेघ मारली, शेजारी कारण लिहिले. पानाची मांडणी, चित्र सरकवणे यासाठी माऊस हवाच होता, पण त्या रेघा थोड्या निघाल्या. बहुतेक रेघा होत्या: चुकीच्या शब्दापाशी जाणे, शब्द निवडणे, पान वर-खाली करणे, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाणे. ही चारही कामे कळांनी होतात. कंट्रोल धरून बाण दाबला की शब्दाशब्दाने उडी जाते, सोबत शिफ्ट धरले की शब्द निवडला जातो. वर्डमध्ये एफ ८ दोनदा दाबले की शब्द निवडला जातो, तीनदा दाबले की वाक्य, चारदा की परिच्छेद. आणि शिफ्ट एफ ५ ने आपण शेवटची दुरुस्ती जिथे केली तिथे परत जाता येते. मुद्रितशोधकाला याहून मोठी भेट नाही. लेखक फोनवर "त्या आधीच्या पानावर बघा हो" म्हणतात, आपण जातो, आणि परत यायचे कुठे हेच विसरतो.

देवनागरीची एक खुबी इथे उपयोगी पडते. 'पाणि'ची वेलांटी दीर्घ करायची तर लोक माऊसने ण आणि वेलांटी यांच्यामध्ये टिचकी मारायला बघतात. तिथे जागाच नाही, अक्षर संगणकाला एकसंध दिसते, टिचकी कुठेतरी पुढे-मागे पडते, आणि मग पूर्ण शब्द खोडून पुन्हा लिहितात. त्याऐवजी अक्षराच्या पुढे जाऊन एकदा बॅकस्पेस दाबा. फक्त वेलांटी जाते, ण शिल्लक राहतो. डिलीट मात्र मागून सगळे अक्षर उचलते, जोडाक्षरासकट. हा फरक कळल्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्तीत माझा माऊस जवळजवळ सुटला. आणि आपल्याकडच्या प्रुफांत दुरुस्त्या कसल्या असतात ते मी सांगायला नको.

बाणांच्या कळा दूर उजव्या कोपऱ्यात असतात, तिथे जायचे म्हणजे पुन्हा येरझारा. दुभागलेल्या कळफलकावर मी एक थर केला: डाव्या अंगठ्याने एक कळ धरली की उजव्या हाताखालचे प, र, क, त हे चार बाण होतात. ही माझी कल्पना नाही. १९७०च्या दशकात बिल जॉय यांनी व्हीआय नावाचा संपादक लिहिला, तेव्हा त्यांच्या टर्मिनलच्या याच चार रोमन कळांवर बाण छापलेले होते, म्हणून त्यांनी तेच घेतले. आजही संगणकतज्ज्ञ मंडळी त्यावर लिहितात आणि माऊसशिवाय सगळे करतात. मीही उत्साहाने करून पाहिले. पण तिथे आज्ञाही साध्या अक्षरांनीच द्यायच्या असतात. भाषा मराठीवर असली की बाणाऐवजी र जातो आणि संपादक गोंधळतो. प्रत्येक वाक्याला भाषा बदलत बसणे मला परवडेना. कळफलकाच्या पोटात बाण ठेवले की हा प्रश्न येत नाही, कारण तेव्हा कळफलक खरोखरच बाणाचा क्रमांक पाठवतो. कंट्रोलच्या नेहमीच्या आज्ञा विंडोजवर मराठी चालू असतानाही चालतात, ती काळजी नको.

मांडणीच्या कामासाठी माऊस राहिला, पण तो डाव्या हाताला गेला. तीन आठवडे रेषा वाकड्या आल्या. आता नाही येत. दोन तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतही तो ठेवता येतो, मग हात पसरावाच लागत नाही. तिथे मी सध्या चहाचा कप ठेवते, ही सवय चांगली नाही.

माझी गती पूर्वीइतकी व्हायला साडेतीन महिने लागले, आणि पूर्वीपेक्षा जास्त झालेली नाही. जास्त होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रात्रीचा बधिरपणा हळूहळू विरळ झाला. त्यात पट्ट्याचा वाटा किती, तासाला उठून हात सोडण्याचा किती, कळफलकाचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही, कारण मी सगळे एकदम केले. माझ्या वडिलांना, अण्णांना, छापखान्यात खिळे जुळवताना दिवसभर केसपुढे उभे राहावे लागे. संध्याकाळी घरी आल्यावर ते पाय उशीवर ठेवून पडायचे आणि आई म्हणायची, "पायांनी लिहिता की काय?" त्यांना कोणी केसची उंची बदलून दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

आत्मचरित्र पूर्ण झाले. ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा. लेखकांनी प्रत हातात घेतली आणि पहिल्याच पानावर एक 'लाडा' राहिलेला त्यांना सापडला. सुधारून द्यायचा आहे.

बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी मी दोन्ही मांडून ठेवले आहेत: भाच्याचा कळफलक, आणि खडेबाजारातून आणलेला जुना, वहीसकट. चहानंतर येऊन हात ठेवून बघा. डोळे मिटून 'विनोद' हा शब्द लिहायचा, एवढेच. व कोणत्या हाताने दाबता ते मी शेजारी उभी राहून बघणार आहे.